क्षमेचं ऑडिट

ज्या माणसाची सगळी नोकरी दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढण्यात गेली, त्यानं अध्यात्माच्या वाटेला जाऊ नये. गेलाच तर ज्ञानमार्ग, भक्तिमार्ग काय हवं ते धरावं, पण क्षमेला हात लावू नये. मी लेखापरीक्षक. रिटायर होऊनही बायको सीताबर्डीवरून भाजी घेऊन आली की माझा हात आधी पावतीकडे जातो. भाजीवाले पावती देत नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं.

निमित्त झालं लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचं. रिकामपणी पुन्हा वाचायला घेतलं. त्यांचे यजमान रेव्हरंड टिळक काही काळ आमच्या नागपुरात, आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला होते, हे वाचून माझी छाती उगाचच फुगली. पुढे 1893 साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हातात बायबल ठेवलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोचले आणि तिथंच गुंतले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. राजनांदगावच्या त्याच लाइनीनं गोंदिया, डोंगरगड करत मीही कैकदा गेलोय. माझ्या हातात कुणी काही ठेवलं नाही. उलट एकानं माझा पेपर मागून घेतला आणि शब्दकोडं सोडवून परत केला.

पण मला खरं नवल वाटलं ते लक्ष्मीबाईंचं. नवऱ्यानं धर्म बदलला, संसार मोडला, काही वर्षं ताटातूट झाली. तरी बाई परत आल्या, 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला आणि उतारवयात हे सगळं हसत हसत लिहून काढलं. नवऱ्याच्या नावावर एवढी थकबाकी आणि अख्ख्या पुस्तकात वसुलीची एक नोटीस नाही! हे खातं बंद कसं केलं, ते मला पाहायचं होतं.

आमच्या शेजारी सिस्टर राहतात. मिशनच्या दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. अख्खी गल्ली इंजेक्शन टोचून घ्यायला त्यांच्याकडे जाते. “मला प्रार्थना, क्षमा आणि विश्वास शिकायचाय,” मी म्हटलं. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, आधी बीपी पाहिलं आणि मग मत्तयाचं शुभवर्तमान हातात दिलं. “सहावा अध्याय वाचा, भाऊ. मग बोलू.”

वाचला. येशू म्हणतो, प्रार्थना खोलीचं दार लावून करावी, फार बडबडू नये. काय हवं ते बापाला आधीच ठाऊक असतं. इथं माझा पहिला आक्षेप. तपशील नसलेला अर्ज त्रुटी काढून परत पाठवणं, यावर माझा संसार चालला. शिवाय मे महिन्यात नागपुरात दार लावून खोलीत बसणं हे येशूनं गालीलातल्या हवेचा विचार करून सांगितलं असावं.

त्याच अध्यायात पुढे चिंता करू नका, असंही आहे. पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, तरी त्यांना खायला मिळतं. हे मात्र मला लगेच पटलं. कूलरच्या ताट्या बदलायच्या होत्या, पंप गुरगुरत होता. दोन्ही कामं मी विश्वासावर सोडली. पारा पंचेचाळीसच्या वर गेला तेव्हा बायको म्हणाली, “पाखरं पहाटे उठून दाण्यापाण्याला निघतात. तुम्ही नऊला उठता. तुम्हाला तो हिशेब लागू नाही.”

शुक्रवारी संध्याकाळी सिस्टरकडे घरगुती प्रार्थना होती. पेटी, तबला, ‘उपासना संगीत’मधली टिळकांची भजनं. दहा-बारा माणसं, त्यात भिंतीला टेकून डुलक्या घेणारी एक आजी. प्रत्येकानं दोन-दोन वाक्यांत प्रार्थना केली. कुणी मुलीच्या परीक्षेसाठी, कुणी शेजाऱ्याच्या गुडघ्यासाठी. शेवटी एक वडीलधारे गृहस्थ मला म्हणाले, “भाऊ, तुम्हीही दोन शब्द.”

मी डोळे मिटले आणि सुटलो. “हे प्रभू, विषय : माझा महाल भागातला चुलतभाऊ. त्यानं कूलरच्या धंद्यासाठी माझ्याकडून वीस हजार नेले. पैकी पंधरा आले. पाच हजार येणे बाकी आहेत. व्याज मी धरलेलं नाही, याची नोंद व्हावी. तरी तू त्याला क्षमा कर. मी तर केलीच आहे.”

कुणीतरी दबक्या आवाजात ‘आमेन’ म्हटलं. आजी दचकून जागी झाली आणि म्हणाली, “कोणाचे पाच हजार?”

नागपूर मोठं शहर आहे असं महापालिका म्हणते. मी जेवायला बसायच्या आत बातमी महालात पोचली होती. फोन वाजला.

“काहून बे, देवासमोर माहं नाव काढून आला म्हणते?”

“नाव नाही काढलं. फक्त नातं, पत्ता आणि रक्कम. आणि तुला क्षमा केलीय मी.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, “क्षमा? तू? मले?”

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर घेऊन तो दारात हजर. हातात कागद नाही, वही नाही, सगळं तोंडपाठ. कॉलेजात असताना मी त्याच्या आईच्या हातचं किती जेवलो. त्याची नवी स्कूटर अंबाझरीला नेऊन मडगार्ड वाकवून कशी आणली. हिस्लॉप कॉलेजची माझी फी त्याच्या वडिलांनी भरली ती भरलीच. ज्या स्टीफन हिस्लॉपच्या नावानं 1883 मध्ये ते कॉलेज निघालं, तो स्कॉटिश पाद्री 1845 मध्ये इथं आला आणि धर्मोपदेशाच्या जोडीनं नागपूरच्या आसपासचे खडक फोडून जीवाश्म गोळा करत राहिला. माझ्या चुलतभावानं त्याहून खोल उकरलं. आणि हे सारं त्यानं इतक्या वर्षांत एकदाही काढलं नव्हतं. मी माफी जाहीर केली, म्हणून निघालं.

तो तणतणत गेल्यावर सिस्टर कुंपणापाशी आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. गल्लीनंही ऐकलं होतं. “अठरावा अध्याय वाचा,” एवढंच म्हणाल्या.

येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतो, भावाला सात वेळा क्षमा करू का? उत्तर येतं, साताच्या सत्तरपट. मी पट्टी घेऊन चारशे नव्वद रकाने आखायला बसलो, तर सिस्टर म्हणाल्या, “नवा माणूस हेच करतो. पुढे वाचा.” पुढे दाखला आहे. एका चाकराचं दहा हजार तालांतांचं कर्ज राजा सोडून देतो. तो बाहेर पडतो आणि शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. मला राहवेना, कॅल्क्युलेटर काढला. दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार. म्हणजे चाकराला सुटले सहा कोटी रोज आणि तो अडून बसला शंभरासाठी. सहा लाखाला एक, असं प्रमाण पडतं. इतकी तफावत मी कुठल्याच ऑडिटमध्ये पाहिलेली नाही. एवढं कर्ज एका चाकराला मंजूर केलं कुणी, हा माझा आक्षेप मात्र कायम आहे. सिस्टर म्हणतात, दाखल्याचा मुद्दा तो नाही.

संध्याकाळी चुलतभाऊ परत आला. मी सकाळचं भांडण पुढे चालवायच्या तयारीनं उठलो, तर तो सरळ कूलरपाशी गेला. “आतमध्ये भट्टी झाली न बे, वहिनी कशी राहते इथं?” म्हणाला. पंप उघडला, जाळीतला चिखल काढला, दुकानातून आणलेल्या वाळ्याच्या ताट्या बसवल्या. बायकोनं बादलीनं पाणी ओतलं. पंखा फिरला आणि ओल्या वाळ्याचा वास घरभर झाला. ताट्यांचे किती झाले, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. बायकोनं एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मी पाणी प्यायलो.

चहा झाल्यावर तो दारात घुटमळला. “दोन हजार असतील का? पोट्ट्याची फी आहे.”

दिले. वहीत लिहिले नाहीत, बायको साक्षीला आहे. पुढच्या शुक्रवारच्या प्रार्थनेतही त्यांचा उल्लेख होणार नाही, तशी सक्त ताकीद सिस्टरनी दिलीय. तारीख, वार आणि नोटांचा तपशील तेवढा लक्षात आहे. त्याला इलाज नाही.