अण्णा गिझर उघडतात

साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत कुठल्याही गल्लीत शिरा, एक तरी अण्णा भेटतातच. वय पासष्टीच्या पुढं, अंगात बाह्यांचा बनियन, खिसा नसल्यामुळं टेस्टर कानावर. जन्मभर सरकारी कचेरीत समोर आलेली फाईल न उघडता पुढच्या टेबलावर सरकवली, त्याचं उट्टं आता निघतंय. घरात जे जे म्हणून स्क्रूनं बंद आहे, ते ते अण्णा उघडतात. त्यांच्याकडच्या इस्त्रीला मिक्सरचे स्क्रू आहेत, मिक्सरला पंख्याचे. पंख्याखाली पाहुणे बसत नाहीत.

अण्णांचं सगळं तांत्रिक शिक्षण एका स्कूटरवर झालं. साताऱ्याच्याच कारखान्यात तयार झालेली प्रिया! सकाळी चालू झाली नाही की तिला आडवी करायची, उभी करायची, प्लग काढून फुंकायचा आणि किक मारायची. हाच उपचार त्यांनी पुढं सगळ्या यंत्रांना लागू केला. गॅस गिझर भिंतीला टांगलेला असतो म्हणून वाचला.

थंडीतल्या एका सकाळी तो गिझर रुसतो. नळाला पाणी येतं, पण आतली टिकटिक काही ऐकू येत नाही.

"आवो, आधी सेल बदलून बघा की," काकू स्वयंपाकघरातून सांगतात.

"सेल नाय गं. व्हॉल्व्ह गेलाय."

सेल काय, शाळेतलं पोरगंही बदलतं. अण्णांना आपल्या तोलामोलाचा बिघाड लागतो. शिवाय व्हॉल्व्ह म्हटलं की गल्लीतली दोन-चार माणसं चहाच्या वेळेला जमतात, सेलला कोण येतंय?

एक मात्र कबूल करायला हवं. अण्णा व्हॉल्व्हची रचना सांगायला लागले की ऐकत राहावं. पितळी डबीत मधोमध एक रबरी पडदा असतो. नळ सोडला की पाण्याच्या दाबानं तो फुगतो आणि त्याच्यावरची पिन पुढं सरकते. पिन सरकली की एक बारीकसा स्विच दबतो, सेलवर ठिणगी पडायला लागते, गॅसची वाट उघडते आणि बर्नर भडकतो. नळ बंद केला की पडदा मागं, पिन मागं, गॅस बंद. म्हणजे गॅस सोडायचा की नाही हे पाणीच ठरवतं. रबर कडक झालं, फाटलं किंवा पिन क्षारानं अडकली की सगळा कारभार बिघडतो. पिन पुढं जाऊन तिथंच अडकली तर नळ बंद केल्यावरही बर्नर पेटलेला राहतो, आणि हे प्रकरण साधं नाही. हे सगळं अण्णांना पाठ आहे. फक्त आपल्या हातातला पेचकस नेमका कशात घुसतोय, हे त्यांना त्या वेळी दिसत नाही.

सिलेंडरचा रेग्युलेटर कोण बंद करतं? काकू. आपत्कालीन मदतीचा १९०६ हा नंबर त्यांनी ओट्याजवळच्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवलाय. कुणासाठी, ते त्या सांगत नाहीत.

व्हॉल्व्ह उघडला की सांगलीला फोन जातो. तिकडं विश्रामबागेत अण्णांचे व्याही राहतात. तेही अण्णाच, पण त्यांची दीक्षा वेगळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट! पूर ओसरला तसं गावभागात आणि मारुती रोडला घरोघरी लोक फ्रिज, मोटारी, मिक्सर उन्हात मांडून बसले. व्याह्यांनी त्या दिवसांत सगळ्या नातेवाइकांच्या यंत्रांतला गाळ धुतला. तेव्हापासून ते स्वतःला अनुभवी समजतात आणि अण्णांना निव्वळ पुस्तकी.

"रबर बघितलं का वो?"

"आमच्याकडं कास तलावाचं पाणी. रबराला काय धाड भरतीया?"

"मग तुमची टाकी खाली आसंल. दाबच नाय, पडदा फुगणार कसा?"

यात तथ्य आहे. गच्चीवरची टाकी आणि बाथरूम यांत उंचीचं साधारण दोन-अडीच मीटरचं अंतर नसेल तर नवाकोरा गिझरही ढिम्म राहतो. पण व्याह्यांचं खरं निघणं अण्णांना परवडणारं नसतं. ते फोन ठेवतात आणि त्या तिरमिरीत पडदा पेचकसानं उचकटतात. मघापर्यंत धडधाकट असलेलं रबर आता खरोखरच फाटतं.

"बघा, म्हनलं नव्हतं?" अण्णा ते काकूंना दाखवतात.

गॅसगळतीच्या बाबतीत अण्णांचा भरवसा नाकावर. सिलेंडरच्या गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, त्यामुळं नाक तिथं कामाला येतं. पण थंडी वाजते म्हणून अण्णा बाथरूमच्या झरोक्यात वर्तमानपत्र कोंबतात. हवा कमी पडली की जळत्या बर्नरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. माणूस आंघोळ करता करता कोसळतो. यावर मला विनोद सुचत नाही. काकू रोज सकाळी तो कागद काढून टाकतात. गिझर बाथरूमबाहेर लावा, हेही त्या दर दिवाळीला सांगतात.

शेवटी काकूंनीच परस्पर बोलावलेला मेकॅनिक येतो. अण्णा स्टूल घेऊन त्याच्या शेजारी बसतात. "तिकडनं नको, हिकडनं खोल." पोरगं निमूटपणे अख्खा व्हॉल्व्हच बदलतं आणि जोडावर साबणाचा फेस लावतं. बुडबुडा येत नाही. ते नळ सोडतं. पाणी येतं, टिकटिक काही होत नाही.

पोरगं सेलचं झाकण उघडतं. आत सेलच नाहीत.

काकू काही न बोलता अण्णांच्या उशाची बॅटरी आणून देतात.

संध्याकाळी अण्णा सांगलीला फोन लावतात. जुना व्हॉल्व्ह हातात, पुसून लख्ख केलेला.

"बदलला बरं का व्हॉल्व्ह. आता पानी कसलं कडक येतंय!"

"कंचा बसवला?" व्याही विचारतात. "हात लावू नका त्याला. रविवारच्या एसटीनं येतोय मी, उघडून बघू."