तीन नंबरच्या नाकात

इंग्लंडात लोक आपल्या कॅम्पर व्हॅनला नाव ठेवतात. आम्ही नावं ठेवली. 1974 सालची फोक्सवॅगन, 1600 सीसी, म्हणायला पन्नास हॉर्सपॉवर. त्यातले निम्मे घोडे माझ्यासारखेच पन्नाशीत गुडघे धरून बसलेले. बायको तिला 'म्हातारी' म्हणायची. घ्यायचा हट्ट अर्थातच माझा. गोव्यात हणजुण्याला हिप्पी लोक युरोपातून रस्त्याने यायचे ते असल्याच गाड्यांतून, एवढ्यावर मी भाळलो. त्यातल्या किती गाड्या परत पोचल्या, हे आधी विचारायला हवं होतं.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ॲपलक्रॉस नावाचं गाव आहे. तिकडे जायला 'ब्यालाख ना बा' हा घाट. गेलिक भाषेत त्याचा अर्थ गुरांची खिंड. समुद्राच्या पातळीवरून निघून 626 मीटर चढायचं, काही ठिकाणी पाच मीटरला एक मीटर असा चढ, आणि रस्ता एका गाडीपुरता. पायथ्याला पाटी आहे: शिकाऊ चालक, फार मोठी वाहनं आणि कॅरव्हान यांनी पहिल्या मैलापुढे जाऊ नये. म्हातारी यातल्या कशात मोडते यावर आमचा वाद चालू असताना मागे पाच गाड्या येऊन थांबल्या आणि वाद मिटला.

मी साताऱ्याचा. घाट म्हटला की मला खंबाटकी आठवते आणि खंबाटकी म्हटली की रेडिएटर. माथ्यावर पोचताच सवयीने पाण्याची बाटली घेऊन मागे गेलो. मागे, कारण इंजिन तिकडे. झाकण उघडून बघतो तर पाणी ओतायला जागाच नाही. हे इंजिन पंख्याच्या हवेवर थंड होतं, हे विकणाऱ्याने सांगितलं होतं. ते पाणी मीच प्यायलो.

घाट तिने चढला आणि उतरलाही. दगा दिला तो सकाळी, सपाट कॅम्पसाइटवर. स्टार्टर मारला तर गाडी मिसिंग मारायला लागली आणि आतून टक् टक् आवाज. लगेच बंद केली. प्लग बघायचे ठरवलं. पहिले तीन निमूट निघाले. राहिला तीन नंबर. इंजिन गाडीच्या शेपटीत, आणि तीन नंबरचा सिलिंडर त्या इंजिनाच्या पुढच्या अंगाला, म्हणजे हात घालणाऱ्यापासून सगळ्यात लांब. पोटावर पडून, गाल बंपरला टेकवून, न दिसणाऱ्या जागी पाना फिरवायचा. त्यात मिज. चिलटांची ही स्कॉटिश जात वारा पडला की ढगाने येते आणि चावते. आणि माझे दोन्ही हात इंजिनात.

प्लग निघाला, पण त्याचं पांढरं नाक जागेवर नव्हतं. टोकाशी असते ती चिनी मातीची नळी तुटून सिलिंडरात पडली होती.

असल्या व्हॅनवाल्याला एकटेपणा नसतो. झाकण वर गेलं की दोन मिनिटांत असा एक माणूस उगवतो, ज्याच्याकडे पूर्वी अश्शीच एक होती. शेजारच्या तंबूतले आजोबा कानामागे हात धरून आले. मी ओरडून सगळं सांगितलं. ते गेले आणि लांब दांडीचं लोहचुंबक घेऊन आले. चिनी मातीला लोहचुंबक काय करणार? हे मी तीनदा ओरडलो. त्यांनी तीनदा मान डोलावली आणि लोहचुंबक आत घातलं. मग त्याच भोकातून मी तार घालून टोकरायला लागलो.

"अरे, टोकरू नकोस! आणखी आत जाईल!"

बायको चहाचा कप घेऊन उभी होती. ती कान-नाक-घशाची डॉक्टर. मुलांच्या नाकातून मणी, वाटाणे, खेळण्यांची चाकं काढण्यात तिची वीस वर्षं गेली आहेत. तिने टॉर्च घेतला, भोकात बघितलं आणि मुलाच्या आईला विचारावं तसं मला विचारलं, "कधीपासून आहे?"

तिकडच्या दवाखान्यात या कामाला एक घरगुती उपाय करतात. मुलाची मोकळी नाकपुडी दाबून धरायची, आईने त्याच्या तोंडाला तोंड लावून फुंकायचं, की वाटाणा बाहेर. त्याला आईचा मुका म्हणतात.

"म्हातारीचा मुका कोण घेणार?" मी म्हणालो.

"पिस्टन फुंकेल की आतून. तू फक्त स्टार्टर मार."

कॉइलची वायर काढली, म्हणजे ठिणगी नको. ती बंपरला टेकून आडवी झाली आणि भोकापाशी पंचा धरला. मी किल्ली फिरवली. भस्स, भस्स, भस्स. पंच्यात तीन काळपट तुकडे. मी नवा प्लग उचलला.

"थांब. आधी मोजू. बोळे मोजल्याशिवाय आम्ही टाके घालत नाही."

ताटलीत तुकडे जुळवून चार नंबरच्या प्लगशेजारी ठेवले. तांदळाच्या कणीएवढा एक कमी होता. मग मी कॅम्पसाइटच्या ऑफिसातून व्हॅक्यूम क्लिनर मागून आणला. गाडी साफ करायची आहे म्हणालो, आतून, हे सांगितलं नाही. त्याच्या तोंडाला चिकटपट्टीने बारीक नळी जोडली. सक्शन हे तर तिचं रोजचं काम. दोन मिनिटांत नळीत टिक् असं वाजलं. आवाजावर भागेना, पिशवी फोडायला लावली. वाळू, कुत्र्याचे केस, बिस्किटांचा भुगा यांतून ती कणी मी चिमटीने शोधली. मोजणी जुळली.

नवा प्लग आधी बोटांनी बसवला, कारण हेड ॲल्युमिनियमचं, आटे लगेच जातात. गाडी पहिल्या स्टार्टरला चारही सिलिंडरांवर सुरू झाली.

आजोबांनी तिला विचारलं, कुठल्या गॅरेजात असता? तिने ओरडून पेशा सांगितला. हे मात्र त्यांना एका फटक्यात ऐकू आलं. ते खुर्ची घेऊन आले, तिच्यासमोर बसले आणि उजवा कान पुढे केला. तिने टॉर्च मारला. मळ होता. दिवसातून दोनदा ऑलिव्ह तेलाचे थेंब घाला आणि काडी घालू नका, असं सांगून तिने टॉर्च बंद केला.