पोटाच्या वर की खाली?

॥ श्री ॥

बॉथेल (सिएटलच्या शेजारी),
मे महिन्याचा शेवटचा रविवार

तीर्थस्वरूप बाबा आणि आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, पँटबद्दल तुम्ही फोनवर सांगितलेलं सगळं मी लिहून घेतलं आहे. रंग राखाडी, खिसे भरपूर, पाय निघणारे, आणि लांबूनच कळलं पाहिजे की अमेरिकेची आहे. यातल्या प्रत्येक अटीवर मला काहीतरी बोलायचं आहे. फोनवर ते जमत नाही, कारण तुम्ही स्पीकर लावता, आई स्वयंपाकघरातून उत्तरं देते आणि विषय पँटीवरून फोडणीवर जातो. म्हणून पत्र. हे पत्र तुम्ही सेमिनरी हिल्सला जपानी गार्डनच्या बाकावर मित्रमंडळींना वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. तेव्हा जिथे आवाज खाली घ्यायचा, तिथे मी कंसात तसं लिहून ठेवलं आहे.

आधी पाय निघणाऱ्या पँटीचं. खालच्या मजल्यावरच्या काकांना त्यांच्या मुलाने ती पाठवली, तेव्हापासून तुम्हाला ती हवी आहे, ही बातमी आईकडून आली. गुडघ्याच्या जरा वर गोल चेन असते, ती फिरवली की फुलपँटची हाफपँट. कल्पना झकास आहे. २०१६ च्या दसऱ्याला संघाची खाकी हाफपँट जाऊन तपकिरी फुलपँट आली. १९२५ पासून धरलं तर एक्क्याण्णव वर्षं लागली. या पँटीत तेच काम मिनिटभरात होतं, आणि विचार बदलला तर परत हाफवर येण्याचीही सोय आहे. (हे मोठ्याने वाचायचं की नाही, ते त्या दिवशी बाकावर कोण बसलंय ते बघून ठरवा.)

पण बाबा, ती चेन नेमकी तिथे असते जिथे चढताना मांडी ताणली जाते. सपाट रस्त्यावर काही कळत नाही. तासभर पायऱ्या चढल्या की दोन्ही मांड्यांना कडक पट्टा बांधल्यासारखं होतं. शिवाय बहुतेक पँटींचे पाय बुटावरून उतरत नाहीत, त्यासाठी खाली घोट्यापाशी आणखी एक चेन लागते. आणि डाव्या पायाची चेन उजव्याला लागत नाही. काकांचा एक पाय धोब्याकडून परतच आला नाही म्हणे. आता ते उरलेला पाय कपाटात ठेवून बाराही महिने हाफपँटीत फिरतात आणि वर "मला हाफच आवडते" म्हणतात. (हे काका बाकावर असताना वाचू नये.) त्यापेक्षा जिचा पाय गुंडाळून वर बटणाने अडकवता येतो अशी पँट घ्या. हरवायला काही उरत नाही.

आता पँट लागणार कशाला, ते बघा. फुटाळा तलावाच्या काठाने चक्कर मारायला तुमचा जुना पायजमाही पुरतो. लागणार आहे ती पचमढीच्या नागद्वारी यात्रेसाठी. इंग्रजांच्या काळी मध्य प्रांताचं सरकार नागपूरचा उन्हाळा टाळायला पचमढीला जायचं. आपला विदर्भातला माणूस मात्र उन्हाळा नागपुरातच सोसतो आणि ऐन पावसात, नागपंचमीच्या आधीच्या दिवसांत, सौंसर-छिंदवाडा-मटकुली करत तिथे पोचतो. वरून धार, खाली चिखल, कड्याला लोखंडी शिड्या, मागून "हर हर महादेव" करत येणारी माणसं. थांबून पँट सारखी करायला तिथे जागा नसते. अशा ठिकाणी कपडा आपल्याला आठवताच कामा नये, एवढीच माझी कसोटी आहे.

तुम्ही म्हणणार, सुती चालेल. हे लिहिताना माझा हात जरा अडखळतो. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला ज्या गावात एम्प्रेस मिल सुरू केली, ज्याच्या चारी अंगांना कपाशी उभी असते, त्या गावच्या लेकीने सुताविरुद्ध लिहावं! पण सुताचा स्वभाव बघा. ते पाणी पितं आणि सोडत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला असतो तेव्हा हाच गुण. घाम कपड्यात मुरतो, वारा लागला की सुकता सुकता अंग गार करतो. नागपूरच्या उन्हाळ्यात सुती पायजम्याला तोड नाही, हे माझं मत अजून तेच आहे. पावसात मात्र तोच पायजमा दुप्पट जड होतो, पायाला चिकटतो, आणि (आवाज खाली) मांड्या सोलवटतात. मग उरलेली वाट माणूस पाय फाकवून चालतो आणि लोकांना वाटतं, नवस बोललेला दिसतो.

इथले डोंगरवाले तर सुताला सरळ खुनी म्हणतात. आधी मला ती अमेरिकन अतिशयोक्ती वाटायची. पण आपलं कळसूबाई, महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर, आहे साधारण ५४०० फूट. इथे माउंट रेनियरवर पॅराडाइज नावाची जागा आहे, तीही ५४०० फुटांवर, आणि तिथे पार्किंग आहे. चालायला सुरुवातच कळसूबाईच्या माथ्यावरून! डोंगर १४,४१० फूट. जूनअखेरीलाही वाटेवर बर्फ असतो. अशा थंडीत ओलं सूत अंगातली ऊब ओढून घेतं, तेव्हा त्यांचं भय खोटं नाही. तुमचे जावई पुण्याचे असल्यामुळे त्यांचं मत वेगळं आहे. "आम्ही राजगड जीन्सवर केलाय," असं ते इथल्या प्रत्येक डोंगराच्या पायथ्याशी सांगतात. वर पोचल्यावर सांगत नाहीत.

तर कापड नायलॉनचं घ्यायचं, त्यात शेकडा चार-पाच भाग ताणणाऱ्या धाग्याचा. आई, तुझ्या त्या फुलाफुलांच्या नायलॉनच्या साड्या आठवून नाक मुरडू नकोस. १९३५ साली ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोथर्सने हा धागा काढला, आणि तो आधी टूथब्रशात आणि बायकांच्या मोज्यांत गेला. आताचं विणकाम इतकं बारीक असतं की हाताला सुतासारखंच लागतं. पॉलिस्टर त्याहून लवकर वाळतं, पण खडकावर घासलं की नायलॉन जास्त टिकतं, आणि नागद्वारीला खडकावरून बसून घसरायची वेळ येतेच. गुळगुळीत कापडावर कुसळंही कमी धरतात. बाकी कुसळांना मी नावं ठेवणार नाही. कुत्र्याला फिरवून आणल्यावर त्याच्या केसांत अडकलेली काटेरी बोंडं बघूनच जॉर्ज द मेस्ट्राल नावाच्या स्विस माणसाला वेल्क्रो सुचलं. सेमिनरी हिल्सवरून आलं की आई पायरीवर बसवून आमच्या मोज्यांतली कुसळं उपटायची आणि सोबत धपाटा द्यायची. त्यातून आमच्या घरी कुणाला काही सुचलं नाही.

पावसाचे थेंब घरंगळून जावेत म्हणून कापडावर एक लेप असतो. मी तशी पँट हातात घेतली आणि तुमची नात आडवी आली. त्या लेपातली काही रसायनं वर्षानुवर्षं पाण्यात आणि मातीत तशीच राहतात, हे तिला शाळेत शिकवलं आहे. तिचं खरं आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून अशा रसायनांच्या नव्या कपड्यांवर बंदीच आली, फक्त मुसळधार पावसासाठी खास केलेल्या कपड्यांना २०२८ पर्यंत मुदत दिली. आता लेबलवर ती रसायनं नाहीत असं छापलेलं बघूनच घ्यायचं, असा घरात ठराव झाला. ठरावाला सूचक तीच, अनुमोदकही तीच.

खरेदी आम्ही आर.ई.आय.मध्ये करतो. बाबा, दुकान म्हणून नव्हे, पण सहकारी संस्था म्हणून तुम्हाला ते आवडेल. १९३८ मध्ये लॉइड आणि मेरी अँडरसन या सिएटलच्या जोडप्याने चांगली आणि परवडणारी बर्फाची कुऱ्हाड मिळेना म्हणून ती ऑस्ट्रियाहून मागवली, मित्रांनाही तशी हवी होती म्हणून संस्थाच काढली. आजही सभासद व्हायचं, एकदाच वर्गणी भरायची. सभासदाला माल वर्षभरात परत करता येतो, आणि २०१३ पर्यंत तर या परतीला मुदतच नव्हती. ही सवलत आपल्या लोकांना कळल्यामुळे बंद झाली असावी, असा जावयांचा अंदाज आहे. ए.जी. ऑफिसच्या क्रेडिट सोसायटीच्या पुढच्या सभेत तुम्ही हा मुद्दा काढणारच, म्हणून सविस्तर लिहिलं.

लोक ट्रायल रूममध्ये पँट घालतात, आरशात पाठ वळवून बघतात आणि घेतात. आरशात पँट कशी दिसते याचा डोंगराला काय उपयोग? तुमच्या मापाची, तुमच्यासारखी पंगतीत बसणारी व्यक्ती म्हणून मी जावयांना नमुन्यादाखल पँट घालायला लावली आणि दुकानात खाली बसवलं. आधी मांडी घालून. मग उकिडवं. मग एक पाय बाकावर ठेवून वर चढायचं. उकिडवं बसल्यावर मागून पट्टा खाली सरकला किंवा गुडघ्यावर कापड घट्ट झालं, की पँट नापास. दुकानातला मुलगा बघत उभा होता. पंगतीची पूर्ण परीक्षा घ्यावी म्हणून मी यांना डावीकडे वाकून वरण वाढून घ्यायला सांगितलं, तेव्हा त्याने विचारलं, हा योगाचा प्रकार आहे का. जावयांनी "हो" म्हटलं.

या परीक्षेत उतरतात त्या पँटींच्या दोन पायांच्या सांध्यात एक वेगळा तुकडा घातलेला असतो. माइक ग्रॅहम नावाच्या कॅलिफोर्नियातल्या कडे चढणाऱ्या माणसाने १९८२ मध्ये ग्रामिची ही कंपनी काढली, ती याच तुकड्यावर गाजली. आई, तू आमच्या सलवारींना मियानी लावायचीस, तेच हे. त्याने शिवण एका जागी ताणत नाही, म्हणून पाय हवा तितका उचलता येतो आणि (आवाज खाली) ऐन चढावर टर्र होत नाही. दुसरी खूण गुडघ्यावर बघायची. तिथे चुण्या किंवा वेगळी कळी असली, तर पाय वाकवताना कापड ओढत नाही.

आता मुख्य अडचण. तुम्ही पँट पोटाच्या वर घालता. अमेरिकन पँट पोटाच्या खाली बसते. तुमची कमर म्हणून जो आकडा तुम्ही सांगितलात तो नक्की कुठला? वरचा असेल तर पँट खाली घसरेल, खालचा असेल तर वर बटण लागणार नाही. शिवाय लेबलवर लिहिलेले इंच आणि टेपवरचे इंच यांचं इथे फारसं पटत नाही, गिऱ्हाइकाला बारीक वाटावं म्हणून कंपन्या आकडा कमी लिहितात. लांबीचंही तसंच. तुम्हाला लागते तेवढी आखूड इथे क्वचित मिळते, आणि गोकुळपेठेत कापून घेऊ म्हणाल तर खालची नाडी नि चेन त्यात जाईल. कमरेला थोडं इलॅस्टिक असलेलीच बघते आहे. जेवणाआधी आणि जेवणानंतर, दोन्ही वेळचे बाबा त्यात मावतील.

खिसे भरपूर हवेत म्हणालात. भरपूर नकोत, दोन चेनचे पुरेत. मांडीवरच्या मोठ्या खिशात फोन घातला की पायरीगणिक तो गुडघ्यावर आपटतो. चेनच्या खिशात बी.पी.च्या गोळ्या आणि चष्मा ठेवायचा. खर्ऱ्याची पुडी मावेल असा खिसा मी मुद्दाम टाळला आहे. आई, तुझं बाबांनी काही विचारलं नाही, पण मीच विचार करून राहिले. तू मागच्या खेपेला पचमढीच्या चौरागडावर साडी खोचून सगळ्यांच्या आधी पोचली होतीस, तेव्हा पँटीची गरज तुला आहे असं मी म्हणणार नाही. हवी असेल तर मात्र बायकांच्या विभागातली घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे खिसे नुसते नावाला, त्यात देवळातली सुटी नाणीही मावत नाहीत. पुरुषांच्यातली लहान मापाची घ्यायची आणि वरून गुडघ्यापर्यंतचा कुडता. लोक काय म्हणतील याची काळजी नको, श्रावणाच्या पावसात सगळे आपापल्या पायाकडे बघत असतात.

किंमत लिहिणार नव्हते, पण तुम्ही विचारणारच. चांगली पँट ऐंशी-नव्वद डॉलरच्या आसपास. गुणाकार करू नका, आईला भोवळ येईल. खरं सांगायचं तर आपल्याकडे डेकॅथलॉनमध्ये याच जातीची पँट बरीच स्वस्त मिळते, आणि इथल्या पँटीच्या आतल्या लेबलवरही व्हिएतनाम, बांगलादेश, कधी भारत असंच लिहिलेलं असतं. पण ते लेबल आत असतं आणि काका बाहेरून बघतात, हा तुमचा मुद्दा मला मान्य आहे. म्हणून पाठवते.

धुवायची गार पाण्यात, साध्या साबणाने. सुगंधी कंडिशनर घातलं की पाणी झटकायचा गुण जातो. वाळायला गॅलरीत सावलीत अर्धा दिवस पुष्कळ. शेकोटीपाशी ठिणगी उडाली तर भोक पडेल. आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे ही पँट काही केल्या जाऊ देऊ नका. त्याची कोळशाची इस्त्री नायलॉनला लागली की पँट तिथेच वितळेल.

इथल्या ओळखीची एक मुलगी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरला निघते आहे, तिच्या बॅगेत दोन पँटींची जागा मागून ठेवली आहे. तेव्हा या आठवड्यातच मापं कळवा. तुमची सगळ्यात आरामाची पँट पलंगावर पसरून तिची कमर, आतल्या शिवणीने घोट्यापर्यंतची लांबी, आणि सांध्यापासून वर पट्ट्यापर्यंतचं अंतर, असे तीन आकडे. चौथा अंगावर घ्यायचा, पोटाचा, आणि तो आईनेच घ्यावा, कारण बाबा, टेप दिसली की तुम्ही श्वास आत ओढता.

तुमची,
धाकटी