त्यात काय एवढं!

नळाचा वायसर बदलायला प्लंबर बोलावला तर घराण्याला बट्टा लागतो, असं मानणारा एक तरी गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतो. आमच्या नाशिकच्या सोसायटीत ते पद अण्णांकडे आहे. पाटबंधारे खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झाले, आणि तेव्हापासून ‘त्यात काय एवढं!’ या तीन शब्दांवर त्यांचा दिवस चालतो. अण्णांच्या मते जगातले सगळे कारागीर दोनच गोष्टींवर पोट भरतात : गिऱ्हाइकाचा आळस आणि गिऱ्हाइकाचं अज्ञान. पैकी आळस अण्णांच्या अंगात नावालाही नाही.

अण्णांची सॅन्ट्रो सेकंडहँड, काळ्या काचांसकट घेतलेली. आधीचा मालक कुठल्याशा पक्षाचा तालुका पातळीवरचा पदाधिकारी होता. काळ्या काचेचं तत्त्व साधं असतं : आत कोण बसलंय ते दिसू नये, पण कोणीतरी बसलंय हे सगळ्यांना कळावं. अण्णा मंडईत मेथीच्या जुड्या आणायला गेले, तरी पार्किंगवाला पोरगा दोन पावलं मागे सरायचा. हे सुख त्यांना फुकटात मिळालं होतं. त्यामुळे ते सोडवेना.

त्यात अण्णा नियमाचे माणूस. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989, नियम क्रमांक 100 : पुढच्या आणि मागच्या काचेतून निदान 70 टक्के उजेड आत यायला हवा, बाजूच्या काचांतून 50 टक्के. हा मजकूर त्यांनी आपल्या आरेखकी अक्षरात लिहून, लॅमिनेट करून गाडीत ठेवला होता. अशोकस्तंभाजवळ हवालदारानं हात केला की ते कार्ड बाहेर येई. ‘‘आमची फिल्म पन्नास टक्क्यांची आहे. मोजून घ्या.’’ मोजायचं यंत्र हवालदाराच्या खिशात नसतं, हे अण्णा जाणून होते. मागच्या काचेचा विषय ते स्वतःहून काढत नसत.

27 एप्रिल 2012 ला सर्वोच्च न्यायालयानं ही वकिली बंद पाडली. उजेडाचं जे काही प्रमाण असेल ते कारखान्यातून आलेल्या मूळ काचेतच हवं. वरून चिकटवलेली फिल्म, मग ती कितीही टक्क्यांची असो, चालणार नाही. झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांना तेवढी सूट मिळू शकत होती. त्या सवलतीत आपण कुठे बसतो का, हे अण्णांनी दोन-तीन वेळा निकाल वाचून तपासलं. नाही बसले. मग दंड शंभराचा होता तोवर त्यांनी तो गणपतीच्या वर्गणीसारखा भरला, आणि पाचशेवर गेल्यावर अशोकस्तंभाचा रस्ताच सोडला.

पुढे फिल्मनंच दगा दिला. स्वस्तातल्या फिल्मचा काळा हा एक रंग नसतो. दोन-तीन रंग मिसळून तो बनवलेला असतो. नाशिकचं ऊन खाऊन त्यातले काही रंग आधी उडाले आणि उरला तो जांभळा. त्यावर फोड आले, कडा सुटल्या. आतला माणूस आता बाहेरून चांगला दिसायचा, फक्त आजारी दिसायचा. अण्णांनी तेही चालवून घेतलं असतं. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तरीही रात्री मागची गाडी दिसेना. डॉक्टरांकडे दोन खेपा घातल्यावर दोष डोळ्यात नसून काचेत आहे, हे सिद्ध झालं.

दुकानदारानं फिल्म काढायचे आठशे सांगितले. ‘‘नुसतं ओढून काढायचं, त्याचे आठशे? त्यात काय एवढं!’’

रविवारी सकाळी अण्णांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांडामांड केली. उलथणं, दाढीची पाती, जुनं एटीएम कार्ड, बालदी, रद्दी, आणि सूनबाई पुण्याहून आलेली असल्यामुळे तिचा हेअर ड्रायर. तळमजल्याच्या खिडकीतून वायर बाहेर आली. तळमजल्याला विचारलं होतं, असं अण्णा अजून म्हणतात.

गाड्या धुणारा पोरगा तिथेच होता. त्यानं मागच्या वर्षी अॅक्सेसरीजच्या दुकानात काम केलं होतं. तो सांगू लागला, ‘‘अण्णा, आधी कोपरा गरम करा. गम मऊ झाला की हळू ओढा, जिथे सुटतंय तिथेच हवा मारत राहा. घाई केली की फिल्म येते आणि गम काचेवरच राहतो.’’ या तीन वाक्यांत सगळी विद्या होती. पण अण्णांचा स्वभाव असा की सल्ला देणाऱ्याचं वय आधी बघायचं. त्यांनी कोपऱ्यात नख घातलं आणि फर्रकन ओढली.

फिल्म आली. टाळ्या पडल्या, कारण तोवर निम्मी सोसायटी खाली उतरली होती. अण्णांनी ती जांभळी पट्टी उंच धरून दाखवली. काचेवर मात्र गमाचा ढेकळाढेकळांचा थर तसाच होता, आणि त्याला आधी हात लागला, मग बाही, मग रद्दीतला संपूर्ण अग्रलेख. बोटांनी चोळलं की त्याच्या काळपट वळ्या होत. त्या काचेवरून निघत आणि अण्णांच्या हातावर स्थायिक होत. अण्णांसारख्या माणसांची गंमत इथेच कळते. कामाचा जो भाग लोकांना दिसतो तो ते स्वतः करतात. उरलेल्या भागाला ते ‘फिनिशिंग’ म्हणतात, आणि फिनिशिंग काकूंकडे असतं. काकू साबणाचं पाणी आणि घासणी घेऊन निमूट आत बसल्या. ‘‘अहो, निदान दार तरी उघडं ठेवा,’’ एवढंच म्हणाल्या.

त्या असं का म्हणाल्या, ते लगेच समजलं. अण्णांना अमोनिया आठवला होता. खात्यात नकाशांच्या अमोनिया प्रिंट काढत त्यांची हयात गेली. तो वास त्यांना आजही तरुणपणाचा वाटतो. अमोनियानं गम सुटतो हे खरंच आहे. पण बंद गाडीत तो शिंपडणं म्हणजे नाकाडोळ्यांची वाट लावून घेणं, शिवाय डॅशबोर्डवर सांडला तर तिथे कायमचा डाग. काकू डोळे पुसत बाहेर आल्या त्या थेट वर गेल्या. सूनबाईही वर गेली, कारण ड्रायरमधून जळका वास येऊ लागला होता.

मागची काच अण्णांनी एकट्यानं केली. पोरगा सांगत होता, इथे पातं लावू नका. काळी कचऱ्याची पिशवी कापून बाहेरून पाण्यानं चिकटवा, आतून साबणाचं पाणी मारा, तासभर उन्हात तापू द्या, आपोआप सुटेल. अण्णांनी पातं लावलं. काचेवर आडव्या, तपकिरी, बारीक रेघा होत्या. गम गेला तरी त्या जाईनात. आरेखकाच्या डोळ्यांना नको असलेली रेघ खपत नाही. चांगला जोर लावून त्यांनी त्यातल्या चार-पाच जागोजागी खरवडून काढल्या, तेव्हा पोरगा म्हणाला, ‘‘अण्णा, तो डिफॉगर होता.’’

काचेवर भाजून पक्क्या केलेल्या या रेघांतून वीज वाहते, काच कोमट होते आणि तिच्यावरचं धुकं उडतं. रेघ तुटली की तिचा प्रवाह संपला. अण्णा क्षणभर थांबले. मग म्हणाले, ‘‘आपल्याकडे बर्फ कुठे पडतो? ही थंड देशांची थेरं.’’ पुढच्याच पावसाळ्यात कसारा घाटात मागची काच दुधाळ झाली आणि मागच्या सीटवर बसून काकू नॅपकिननं ती पुसत राहिल्या.

हिशेब विचारलात तर अण्णा आठशे रुपये वाचले असंच सांगतात. त्यांच्या हिशेबात घरातली वस्तू वापरली तर तिला किंमत नसते. ड्रायर घरातलाच होता. सूनबाई दिवाळीला आली ती नवा ड्रायर घेऊन, आणि तो तिनं बॅगेतून बाहेर काढला नाही.

प्रकरण इथे संपायला हरकत नव्हती. पण सप्टेंबर 2024 मध्ये केरळ उच्च न्यायालयाचा निकाल आला : नियम 100 मध्ये 2021 पासून दुरुस्ती झाली आहे, तेव्हा 70 आणि 50 टक्क्यांचं प्रमाण सांभाळणारी फिल्म काचेला लावता येते. बातमी अण्णांना त्यांच्या निवृत्तांच्या ग्रुपवर मिळाली, आणि दहा मिनिटांत ते माझ्या दारात. ‘‘बघ! मी काय सांगत होतो?’’ निकाल केरळचा आहे, नाशिकचा हवालदार तो वाचून उभा असेलच असं नाही, हे मी बोलून पाहिलं. त्यांनी ते जुनं लॅमिनेट केलेलं कार्ड दाखवलं. ते त्यांनी फेकलंच नव्हतं.

फिल्मचा रोल आला आहे. लावायला कुणाला बोलावणार, हे विचारण्यात अर्थ नाही. फिल्म काचेवर नीट बसवायलाही ती गरम करावी लागते म्हणे. तरी आमच्या सोसायटीतल्या सर्व भगिनींना नम्र विनंती : येत्या रविवारी आपापले हेअर ड्रायर कपाटात ठेवून कुलूप लावावं, आणि किल्ली अण्णांना सापडणार नाही अशा ठिकाणी ठेवावी.