सव्वापाच ब्रास

दसरा जवळ आला की भिवंडीत रंगाच्या दुकानांपुढे गर्दी होते आणि कामतघरच्या आमच्या इमारतीत तात्यांना बोलावणी येतात. असं तात्या म्हणतात. खरं तर बोलावत कोणीच नाही. कुणाकडे भिंत घासल्याचा आवाज आला की तात्या टेप घेऊन दारात हजर.

त्यांचा जन्म गेला पॉवरलूमच्या कारखान्यात मेहता म्हणून. ताक्याला सूत किती, वेस्टेज किती, कांडीवर उरलं किती, हे मागांच्या खडखडाटात तोंडी सांगायचे. निवृत्त झाल्यावर माग सुटले, हिशेब सुटला नाही. यंदा तो शेजारच्या वहिनींच्या खोलीवर येऊन बसला.

खोली १० बाय १२, उंची १०. भिंतींचे ४४०, छताचे १२०, झाले ५६० चौरस फूट. तुम्हीआम्ही इथं थांबलो असतो. तात्यांनी दाराचे २१ आणि खिडकीचे १६ वजा केले. राहिले ५२३, म्हणजे जवळपास सव्वापाच ब्रास. दुकानदार म्हणाला होता, प्रायमरच्या एका हाताला लिटरमागे १२५ फूट धरा. उत्तर आलं ४ लिटर १८४ मिली. डबा मिळतो ४ लिटरचा.

"१८४ मिलीसाठी अख्खा लिटर घ्यायचा?" तात्यांना घाम फुटला. मग त्यांना कपाट दिसलं. साडेसहा बाय तीन. "सूनबाई, कपाटामागे प्रायमर कोण बघतंय? साडेएकोणीस फूट गेले." उरलेल्या साडेतीन फुटांसाठी ते खोलीभर फिरले आणि वहिनींच्या सासऱ्यांच्या फोटोसमोर थांबले. वहिनींचा चेहरा बघून फोटोचं माप मात्र त्यांनी मनातच घेतलं.

पेंटरची पद्धत निराळी. त्यानं दारातूनच छताकडे पाहिलं, कान खाजवला आणि सांगितलं, "बीस लिटर."

"कशावरून?"

"चाचा, दीवार पीती है."

"किती पिते? आकडा सांग!"

आकडा त्याच्याकडे नव्हता. बादलीत पेंटरसाठी कुपन निघतं, हे मात्र तात्यांना पक्कं ठाऊक होतं. वहिनींचा कौल पेंटरला, कारण २० लिटरची रिकामी बादली कपडे भिजवायला उत्तम. (या देशात किती प्रायमर बादलीपायी विकला जात असेल, हा हिशेब तात्यांनीसुद्धा केलेला नाही.) तरी वडीलधाऱ्या माणसाचा मान म्हणून ४ लिटर आणले.

भिंत खरोखरच प्यायली. जुना चुना खरवडलेला, पावसाळ्यात फुगलेलं प्लास्टर जागोजागी नवं भरलेलं, त्यावर ताजी पुट्टी. डबा तिसऱ्या भिंतीच्या मध्यावर संपला. छत तर अजून कोरडंच होतं. डब्यावर लिहिलेले फूट गुळगुळीत भिंतीचे असतात आणि तशी भिंत आमच्या इमारतीत बिल्डरनंही पाहिलेली नसावी. पेंटर एक शब्द न बोलता दुकानात गेला आणि १० लिटरची बादली घेऊन आला. कुपन खिशात.

दुसरा हात वाळला आणि दाराशेजारी काहीतरी निळसर दिसू लागलं. कागद वाया जाऊ नये म्हणून तात्यांनी सगळी आकडेमोड भिंतीवरच बॉलपेननं केली होती. पाण्याच्या प्रायमरमधून ती शाई वर येत होती. आधी ५६०, मग वजा २१, वजा १६. पेंटरनं आणखी एक हात मारला. तासाभरानं ५२३ पुन्हा वर आले, खाली दोन रेघांसकट.

वहिनींनी तात्यांना बोलावून घेतलं. या वेळी खरंच बोलावलं. तात्यांनी चष्मा लावला, भिंतीजवळ वाकले, ओळीवरून बोट फिरवलं.

"वजाबाकी बरोबर आहे की!"