काही नाही होत रे! – मुळशीतल्या होतकरू ग्रिलवाल्यांसाठी

दिवाळी उलटली आणि पाऊस पुरता हटला, की चांदणी चौकातून भूगाव-पिरंगुटमार्गे मुळशीकडे तंबू भरलेल्या गाड्यांची रांग लागते. प्रत्येक ग्रुपमध्ये पदं ठरलेली असतात. एकाची गाडी, एकाचा स्पीकर, एकाला ‘भारी स्पॉट’ ठाऊक. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याच्यासाठी एक मानाचं पद शिल्लक असतं: गॅस-ग्रिलचा एक्स्पर्ट. पात्रता म्हणाल तर एकच, ‘काही नाही होत रे’ हे चार शब्द कुठल्याही प्रसंगी ठाम आवाजात म्हणता आले पाहिजेत. बाकी आम्ही शिकवतो.

१. ग्रिल ऑनलाइन मागवा. खोक्यावर एखादं गोरं कुटुंब हिरवळीवर हसत असेल तर उत्तम. ते यंत्र त्यांच्याकडच्या प्रोपेनसाठी घडवलेलं असतं. आपल्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. त्यामुळे जेट जुळत नाही, रेग्युलेटर बसत नाही, नळीचं तोंड भलतंच. खचू नका. एम-सील, दोन क्लिपा आणि घरचा नळ एकदा दुरुस्त केलेला मित्र एवढं पुरतं. माहितीपुस्तिका खोक्यातच राहू द्या. पुढे जाळायला लागते.

२. सिलिंडर स्वयंपाकघरातूनच उचला. आत १४.२ किलो गॅस आणि रिकाम्या टाकीचं वजन साधारण तेवढंच, म्हणजे तीस किलोचं ओझं. पाठीची काळजी घ्या. आईला किंवा बायकोला पौड ओलांडल्यावर फोनवर सांगा. पाच किलोचा अधिकृत सिलिंडर ओळखपत्र दाखवून काही पेट्रोल पंपांवरही मिळतो, पण त्यात कसलं आलंय कौशल्य? त्यापेक्षा गल्लीच्या टोकाला, दुकानाच्या मागल्या बाजूला मोठ्यातून छोट्यात गॅस भरून देणारा गाठा. त्याच्याकडे वजनकाटा असतो. परवाना नसतो, पण तो तुम्हाला कुठे हवाय?

सिलिंडरच्या गळ्याशी पट्टीवर ‘ए’ ते ‘डी’पैकी एक अक्षर आणि सालाचा आकडा असतो. पुढची चाचणी कोणत्या तिमाहीत करायची ते त्यात लिहिलेलं असतं. कुणी विचारलंच तर ‘बॅच नंबर’ म्हणून मोकळे व्हा.

३. डिकीत सिलिंडर आडवा झोपवा, वर तंबू, त्यावर कोळशाची पिशवी. उभा ठेवला तर फक्त वायू बाहेर येतो. आडव्यातून द्रवही येऊ शकतो, म्हणजे पैसे वसूल. काचा बंद, एसी चालू. या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून मर्कॅप्टन मिसळतात. शिवाय तो हवेपेक्षा जड, त्यामुळे नाकाशी येण्याआधी पायाशी साचतो. वास आलाच तर मागच्या सीटवर बूट काढून बसलेल्याकडे रोखून पाहा. गळतीसाठी १९०६ हा हेल्पलाइन क्रमांक आहे. घाटात रेंज गेली की आठवायला बरा.

४. जागा वाळक्या गवतातली निवडा. अंगाला मऊ लागतं आणि पेटायलाही सोपं. डोंगरावरचा वणवा रात्री लांबून दिवाळीसारखा दिसतो. तो विझवायला गावातली माणसं झाडाच्या फांद्या घेऊन धावतात, तेवढंच स्थानिकांशी नातं जुळतं. ताम्हिणी अभयारण्याच्या हद्दीत पाटी दिसली तर तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढा. तळ्याच्या फोटोखाली ‘नॅचरल लेक’ असं लिहायचं. ते टाटांचं धरण आहे, १९२१ साली सेनापती बापटांनी त्याविरुद्ध सत्याग्रह केला आणि तरीही गावं पाण्याखाली गेली, हा विषय कुणी काढला तर स्पीकरचा आवाज वाढवा.

५. जोडणी झाल्यावर गळती तपासायची असते. साबणाचं पाणी जोडावर सोडून बुडबुडे येतात का ते पाहणं ही बायकी पद्धत, असं ग्रुपमधला एक जण म्हणेलच. त्याला काडी ओढू द्या. तुम्ही लांब राहा; नेतृत्व म्हणजे कामं वाटून देणं.

६. आता पेटवणं. सगळी कला इथेच आहे, म्हणून सावकाश वाचा. वारा लागू नये म्हणून ग्रिलचं झाकण बंद ठेवा. नॉब पूर्ण फिरवा. मग लायटर शोधायला लागा. तो दुसऱ्या गाडीत आहे आणि दुसरी गाडी पौडला बर्फ आणायला गेली आहे. कुणाच्या तरी जॅकेटात काडेपेटी सापडते, पण दवानं सादळलेली. पहिली काडी मोडते. दुसरी फुरफुरून विझते. या सगळ्या वेळात सूं असा बारीक आवाज येत असतो, त्याकडे लक्ष देऊ नका. झाकणाखाली गॅस आपला निमूटपणे जमतोय. तिसरी काडी पेटली की झाकण उचलून, खाली वाकून, तोंड जाळीपासून वीतभर अंतरावर आणा.

भप्प!

भुवया परत येतात, काळजी नसावी. काही भित्रे लोक झाकण आधी उघडतात, काडी आधी पेटवतात, नॉब त्यानंतर फिरवतात, आणि पहिल्या झटक्यात नाही पेटलं तर गॅस बंद करून पाच मिनिटं चक्क थांबतात. अशांचे व्हिडिओ कोणी बघत नाही.

७. मार्गशीर्ष पाळणाऱ्यांच्या पनीरसाठी वेगळी, बाजूच्या कप्प्यात गॅसचा डबा बसणारी छोटी शेगडी आणलेली असते. तिच्यावर सगळ्यात मोठा तवा चढवा, असा की त्या कप्प्यावर त्याची सावली पडली पाहिजे. तव्याची धग खालच्या डब्याला लागते आणि आतला दाब वाढत जातो. हा कार्यक्रम अचानक संपतो, म्हणून पनीर आधी वाढून घ्या. इकडे ग्रिलवर तंगडीचं तेल ट्रेमध्ये ठिबकून पेट घेईल. गॅस बंद करून झाकण लावलं तर आग गुदमरते आणि मजा जाते. तेव्हा पाणी ओता. ज्वाळा कशा उसळतात ते पलीकडच्या तंबूवाल्यांनाही दिसू द्या.

८. पहाटे थंडी वाजेल. ग्रिल अजून ऊबदार आहे आणि तंबूला चेन आहे, हे दोन विचार एकदम सुचतील. गॅस असो की विझत आलेले निखारे, बंद जागेत दोन्हीतून कार्बन मोनॉक्साइड निघू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, मर्कॅप्टनसुद्धा नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. आदल्या रात्रीच्या बाटल्या समोर असल्यामुळे कोणालाच शंका येत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळात दामनला केरळचे आठ पर्यटक थंडी घालवायला खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले आणि सगळे गेले, त्यात मुलंही होती. या कलमावर आमच्याकडे विनोद नाही. जास्तीची गोधडी आणा.

९. देखभाल. ग्रिल न धुता गॅलरीत ठेवा. नळी उंदरांना कुरतडू द्या. पाच वर्षांनी बदलायची असते म्हणतात, पण ती कधी घेतली हे कोणाच्या लक्षात राहतं? पावसाळाभर कुंभारीण माशी बर्नरच्या तोंडात चिखलाचं नेटकं घर बांधते. तिला उठवू नका, भाडं देत नसली तरी ग्रिल वापरणारी घरात ती एकटीच आहे. पुढच्या थंडीत ज्योत निळीऐवजी पिवळी येईल आणि भांडी काळी होतील. हवा नीट मिसळत नाही, गॅस पुरता जळत नाही, म्हणजे आठव्या कलमातला तोच वायू. ग्रुपला सांगा, पिवळी ज्योत फोटोत जास्त उठून दिसते.