बीजगणित कच्चे ठेवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

दहावीचे पेढे संपले, अकरावी सायन्सचा प्रवेश झाला, की घरोघरी एकच चिंता सुरू होते: मुलाला कॅल्क्युलस झेपेल का? चिंता अस्थानी आहे. कॅल्क्युलसमध्ये आपटायला कॅल्क्युलस लागतच नाही. उदाहरणात डेरिव्हेटिव्हची ओळ एखादीच असते. मागेपुढे सगळा कारभार कंस सोडवण्याचा, छेद सारखे करण्याचा आणि अवयव पाडण्याचा. तेव्हा पुस्तकात लिमिटचे प्रकरण येईपर्यंत जे महिने हाती आहेत, त्यांत बीजगणित नीट कच्चे करून घ्यावे. बारावीचे काम मग आपोआप होते.

सुरुवात कंसापासून करावी. (अ + ब)² दिसले, की वर्ग दोघांत सारखा वाटून अ² + ब² लिहावे. 2अब मध्ये पडते, आणि मध्ये पडणाऱ्यांकडे दुर्लक्ष करणेच बरे. याचा लाभ फिजिक्सलाही होतो. वरून सोडलेला दगड क्ष सेकंदांत साधारण 4.9क्ष² मीटर पडतो. त्याचा वेग काढायचा तर वेळ किंचित वाढवून क्ष + ह करायची, अंतरातल्या फरकाला ह ने भागायचे आणि मग ह शून्याकडे न्यायचा. 2अब लिहिणाऱ्या भाबड्या मुलाला 9.8क्ष मिळते, म्हणजे दोन सेकंदांनी सेकंदाला 19.6 मीटर. आपल्या पद्धतीत नुसते 4.9ह उरते, आणि ह शून्याकडे गेला की वेगही शून्य. दगड कोणत्याच क्षणी हलत नाही आणि तरीही खाली पोचतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून टाकलेल्या हलक्या वस्तू वाऱ्याने परत वर येतात, असे ट्रेकर मंडळी सांगतात. दगड अधांतरी ठेवण्याचे श्रेय मात्र आपलेच.

यानंतर काटाकाटी. वर क्ष, खाली क्ष, की दोन्हींवर तिरकी रेघ. मध्ये अधिक आहे की गुणिले, हे पाहत बसू नये. (क्ष + 5) भागिले क्ष याचे उत्तर 5. या विद्येवर श्रद्धा बसण्यासाठी एक उदाहरण मुद्दाम गिरवून घ्यावे. क्ष 3 कडे जात असताना (क्ष² − 9)/(क्ष − 3) ची किंमत काढायची आहे. क्ष² ला क्ष ने काटले, क्ष उरला. वजा 9 ला वजा 3 ने काटले, अधिक 3 उरले. क्ष + 3, म्हणजे 6. उत्तर बरोबर! पुस्तकात (क्ष − 3)(क्ष + 3) असे अवयव पाडून येते तेच. एवढा भक्कम पुरावा मिळाल्यावर अवयव पाडण्याचे कष्ट कोण घेईल? फक्त लगेच पुढचे गणित करू नये. त्यात वर क्ष² − क्ष − 6 असते. तिथे आपली पद्धत 2 देते आणि पुस्तकामागे 5 छापलेले असते. अशा वेळी छपाईची चूक म्हणावे. पुस्तकात तशा चुका असतातही, त्यामुळे कोणी फारसे अडवत नाही.

चिन्हांच्या बाबतीत मराठी मुलाला सवलत द्यावी लागते. समीकरणात बाजू बदलली की चिन्ह बदलते, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगणार? त्याने बाजू बदलून चिन्ह सोबत नेलेले उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे.

शून्याने भागताना संकोच नको, थोरांचा आधार आहे. ब्रह्मगुप्ताने 628 साली ब्राह्मस्फुटसिद्धान्तात शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असेच लिहिले. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये, शून्याने भागलेली राशी अनंत, अशी पुढची पायरी गाठली. धोका वेगळाच आहे. एखाद्याला मध्येच शंका येते, की ह ने भागताना तो शून्य नव्हता, मग शेवटी शून्य कसा झाला? हीच शंका 1734 मध्ये बिशप बर्कलीने न्यूटनच्या चाहत्यांना विचारली होती, आणि तिचे पक्के उत्तर द्यायला गणितज्ञांना पुढचे शतक उजाडले. ज्याला अशी शंका येते त्याला लिमिट समजू लागलेले असते. त्याला ताबडतोब सूत्रांचा तक्ता पाठ करायला बसवावे.

क्लास लावणे चांगलेच. परंपराही जुनी आहे: भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे. मात्र क्लासमध्ये सर फळ्यावर गणित सोडवत असताना मान डोलवावी, ‘कळलं’ म्हणावे आणि वही मिटावी. तेच गणित घरी कोऱ्या कागदावर, न बघता करून पाहिले, की सगळे मुसळ केरात. सीईटीला तर चार पर्याय दिलेले असतात आणि चुकीला गुण वजा होत नाहीत, मग हाताने सोडवण्याचा हट्ट कशाला?

शेवटी एक पथ्य, आणि ते कडक आहे. अक्षरांच्या जागी आकडे घालून पाहण्याची सवय मुलाला लागू देऊ नये. √(अ² + ब²) म्हणजे अ + ब, असे त्याने खुशाल लिहावे. पण एके दिवशी अ ला 3 आणि ब ला 4 घातले, की डावीकडे 5 येतात, उजवीकडे 7, आणि महिन्यांची मेहनत वाया जाते. ½ + ⅓ म्हणजे ⅖ लिहून झाल्यावर एकाला अर्धी भाकरी आणि वर आणखी तिसरा हिस्सा मिळूनही अर्ध्यापेक्षा कमी कशी, असे विचारणारे मूलही याच वाटेने बिघडते. ही खोड एकदा जडली की वरचा एकही उपाय लागू पडत नाही. अशा पाल्याच्या पालकांनी आमच्याकडे येऊ नये. त्याला कॅल्क्युलस येणारच.